रुग्णात विषाणू शोधा, कर्मचाऱ्यात तारीख

प्रश्न थोडक्यात असा: रक्ताचा कर्करोग आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात रुग्ण आणि कर्मचारी या दोघांतली व्हायरल इन्फेक्शन्स वेळेत पकडायची आहेत, आणि जमणाऱ्या माहितीवर पुढे अभ्यासही करायचा आहे. कोणती टेस्ट, कोणत्या सॅम्पलवर, किती दिवसांनी? दोघांना एकच प्रोटोकॉल लावला तर चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. चालणार नाही. मशीन तेच, किट तेच, पण रिपोर्ट वाचायची रीत वेगळी. केमो किंवा रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी संपवणारं औषध) घेतलेल्या रुग्णाला ताप येईलच असं नाही, अँटिबॉडी बनतील याचा भरवसा नाही, आणि विषाणू आठवडेच्या आठवडे निघत राहू शकतो. म्हणून त्याच्यात थेट विषाणूच शोधायचा आणि त्याचं प्रमाण मोजत राहायचं. कर्मचाऱ्याची प्रतिकारशक्ती शाबूत असते. त्याच्यात श्वसनाचा विषाणू सहसा थोडेच दिवस सापडतो आणि मागे अँटिबॉडी ठेवून जातो. तिथे खरा प्रश्न असतो तो तारखेचा: लागण कधी झाली, आणि त्या दिवसांत हा माणूस कुठे ड्यूटीवर होता?

एकच रिपोर्ट दोघांच्या हातात देऊन बघा. कोविड पीसीआर पॉझिटिव्ह, सीटी ३४. सीटी म्हणजे सिग्नल उंबरठा ओलांडेपर्यंत लागलेली चक्रं. साधारण ३.३ चक्रांचा फरक म्हणजे आरएनएत दहापट फरक. पण स्वॅब कसा घेतला यावरही हा आकडा हलतो, आणि एका किटचा ३४ दुसऱ्या किटच्या ३४ शेजारी ठेवता येत नाही. हा रिपोर्ट लक्षणं नसलेल्या नर्सचा असेल तर दोन शक्यता: लागण आत्ता चढतीवर आहे, किंवा होऊन गेलेल्या लागणीचं शेपूट उरलंय. एका रिपोर्टवरून हे ठरत नाही. २४ ते ४८ तासांनी पुन्हा स्वॅब घ्या. २४ आला तर दहा चक्रं उतरली, म्हणजे विषाणू सुमारे हजारपट वाढला. ३६ किंवा निगेटिव्ह आला तर शेपूट. मधले दोन दिवस तिला या वॉर्डात ठेवायचं नाही, बस.

आता तोच ३४ लिम्फोमाच्या रुग्णाचा, पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर सहा आठवड्यांनी आलेला. इथे 'शेपूट आहे, आयसोलेशन काढा' म्हणणं धोक्याचं. बी पेशी औषधाने संपलेल्या रुग्णात विषाणू चढ-उतार करत राहतो. आज ३४, पुढच्या आठवड्यात २७ हे होऊ शकतं. त्यामुळे अशा रुग्णाचं आयसोलेशन दिवस मोजून काढू नये. किमान २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन स्वॅब आणि लक्षणं एकत्र बघा. खोकला किंवा सीटी स्कॅनमधले बदल टिकून असतील तर फुप्फुसातला नमुनाही हवा. जिवंत विषाणू आहे का, हे पेशींवर कल्चर करून कळतं. पण त्याला वरच्या सुरक्षा पातळीची लॅब लागते आणि उत्तर यायला दिवस जातात. कल्चर अभ्यासासाठी ठेवा, बेडचा निर्णय त्यावर अडवू नका.

(सीटी स्कॅनचा सीटी वेगळा आणि पीसीआरचा सीटी वेगळा. फोनवर रिपोर्ट सांगताना हा घोळ खरंच होतो. 'सीटी व्हॅल्यू' असं पूर्ण म्हणायची सवय लावा.)

नमुन्याकडे वळू, कारण फॉल्स निगेटिव्हचा मोठा वाटा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच तयार झालेला असतो. नाकामागच्या घशाचा स्वॅब घेताना डोकं थोडं मागे, आणि काडी टाळूला समांतर, म्हणजे कानाच्या दिशेने. लोक ती कपाळाकडे चढवतात आणि दोन-तीन सेंटिमीटरवर अडलं की 'पोचलो' समजतात. खोली अंदाजे नाकपुडीपासून कानाच्या छिद्रापर्यंतच्या अंतराइतकी. तिथे काही सेकंद थांबायचं आणि फिरवत बाहेर काढायची. काडी प्लास्टिकची आणि टोक कृत्रिम धाग्याचं हवं. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचं टोक पीसीआरला अडथळा आणतात. ट्यूबमध्ये साधारण ३ मिली व्हीटीएम (विषाणू टिकवून ठेवणारा द्रव). काडी खुणेवर मोडायची, झाकण घट्ट. २ ते ८ अंशांवर ७२ तास चालतं. त्यापुढे ठेवायचं तर उणे ७० अंश किंवा त्याखाली. घरगुती धाटणीचा, बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीजर नमुन्यांसाठी वापरू नये. तो रोज थोडा गरम होतो आणि आरएनए हळूहळू तुटत जातो.

प्लेटलेट्स खूप कमी असतील तर काडी खोल घालू नका. नाकात साधारण २ सेंटिमीटर, अडेपर्यंत, दोन्ही बाजूंनी एकाच स्वॅबने घेतलेला नमुना चालतो. रक्ताने माखलेला स्वॅब वाया गेला असं समजू नका, पण हिमोग्लोबिन पीसीआर रोखतं हे लक्षात असू द्या. म्हणून रिपोर्टमध्ये दोन कंट्रोल बघायला शिका. आरनेझ पी सारखा मानवी जनुकाचा कंट्रोल सांगतो की काडीवर माणसाच्या पेशी आल्या. प्रक्रियेच्या सुरुवातीला मुद्दाम घातलेला कंट्रोल सांगतो की एक्स्ट्रॅक्शन (नमुन्यातून आरएनए वेगळा काढणं) नीट झालं आणि पीसीआरला कशाने अडवलं नाही. पहिला फेल झाला तर स्वॅब पुन्हा घ्या. दुसरा फेल झाला तर तेच सॅम्पल पातळ करून पुन्हा लावा. दोन्ही ठीक असतील तरच निगेटिव्हला निगेटिव्ह म्हणा. न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटलेल्या रुग्णात गुदमार्गातून स्वॅब घेऊ नये. शौचाचा नमुना पुरतो.

नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आणि स्कॅनमध्ये नवी सावली, असं असेल तर तिथे थांबू नका. इन्फ्लुएंझा, पॅराइन्फ्लुएंझा, आरएसव्ही, कोविड हे सगळे खाली फुप्फुसात असूनही नाकात न सापडू शकतात. रुग्णाला झेपत असेल तर ब्रॉन्कोस्कोपी करून बीएएल (फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलेला द्रव) घ्या, आणि ती लांबवू नका. इन्फ्लुएंझाची रॅपिड अँटिजेन टेस्ट तर या वॉर्डात निगेटिव्ह सांगण्यासाठी वापरूच नये. तिची संवेदनशीलता, म्हणजे बाधितांपैकी किती जण ती पकडते ते प्रमाण, साधारण ५० ते ७० टक्के असते.

अँटिबॉडी टेस्ट रुग्णांत का टाळायची? त्या दोन्ही बाजूंनी फसवतात. अँटिबॉडी बनत नसेल तर लागण असूनही निगेटिव्ह. आणि रुग्णाला इम्युनोग्लोब्युलिन चढवलं असेल तर लागण नसूनही पॉझिटिव्ह, कारण ती हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी असते. याचा सर्वात महागडा घोळ हिपॅटायटिस बी मध्ये होतो. रिटुक्सिमॅबसारखं औषध सुरू करण्याआधी एचबीएसएजी (विषाणूचं प्रथिन, म्हणजे लागण आत्ता आहे) आणि एकूण अँटी-एचबीसी (लागण आहे किंवा होऊन गेली, याची अँटिबॉडी) बघावंच लागतं. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर दबलेला विषाणू उसळू नये म्हणून विषाणूविरोधी औषध चालू ठेवावं लागतं, तेही रिटुक्सिमॅब संपल्यावर किमान १२ महिने. इम्युनोग्लोब्युलिन चढवल्यानंतर सॅम्पल घेतलं की ती पॉझिटिव्ह कुणाची, दात्याची की रुग्णाची, हे सांगता येत नाही. म्हणून पहिलं इम्युनोग्लोब्युलिन चढवण्याआधीचं सिरम काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

याच कारणाने, ट्रान्सप्लांटच्या रुग्णात लिव्हर एन्झाइम कारण न कळता वाढलेले दिसले तर हिपॅटायटिस ई ची अँटिबॉडी नको, आरएनए मागवा. तीन महिन्यांहून जास्त टिकला तर तो क्रॉनिक समजायचा. गोवर तर या रुग्णांत पुरळाशिवायही येऊ शकतो आणि ताज्या लागणीची अँटिबॉडी, आयजीएमही, निगेटिव्ह असू शकते. संपर्क आला असेल आणि न्यूमोनिया असेल तर घशाच्या स्वॅबवर आणि लघवीवर पीसीआर.

रक्तातले विषाणू हा वेगळा विषय आहे आणि सर्वात जास्त चुका सीएमव्हीत (सायटोमेगॅलोव्हायरस) दिसतात. ट्रान्सप्लांटनंतर त्याची टेस्ट आठवड्यातून एकदा, किमान पहिले १०० दिवस, आणि जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला) असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर पुढेही. ट्यूब ईडीटीएची. हेपॅरिनची ट्यूब पीसीआर बिघडवते. प्लाझ्मा (पेशी काढलेलं रक्त) की होल ब्लड (पेशींसकट रक्त) हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. होल ब्लडमध्ये आकडा सहसा जास्त येतो, त्यामुळे मध्येच बदललं की लोड (विषाणूचं प्रमाण) 'वाढलेला' दिसतो. रिपोर्ट आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिलिलिटरमध्ये घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण २०१० पासून उपलब्ध आहे. तरीही दोन लॅबचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून एका रुग्णाचे सगळे नमुने एकाच लॅबला.

किती वाढ खरी मानायची? ढोबळ नियम: तिप्पट, म्हणजे ०.५ लॉग (१ लॉग म्हणजे दहापट). त्याहून कमी फरक टेस्टच्या स्वतःच्या हेलकाव्यात बसतो. ४०० वरून ७०० म्हणजे काहीच नाही. ४०० वरून २,५०० म्हणजे हालचाल करा. मोजमापाच्या खालच्या टोकाशी हेलकावे जास्त, तिथे पाचपट धरा. उपचार सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे आकडा चढला तरी लगेच रेझिस्टन्स (विषाणू औषधाला दाद देत नाही) म्हणू नका. डोस किडनीनुसार बरोबर आहे का ते आधी बघा. योग्य डोस दोन आठवडे देऊनही लोड उतरत नसेल तर विषाणूच्या यूएल९७ आणि यूएल५४ जनुकांचं सिक्वेन्सिंग (अक्षरक्रम वाचणं) मागवा. लेटरमोव्हिरवर (सीएमव्ही रोखणारं औषध) असलेल्या रुग्णात आणखी एक खाच आहे. हे औषध विषाणूचा डीएनए बनणं थांबवत नाही, तो तोडून कवचात भरणं थांबवतं. त्यामुळे पूर्ण विषाणू तयार न होताही रक्तात डीएनए दिसतो. एक कमी आकडा दिसला म्हणून औषध बदलू नका, काही दिवसांनी पुन्हा मोजा. आणि उलट बाजू: आतड्यातला सीएमव्ही प्लाझ्मात अजिबात न दिसता असू शकतो. जुलाब आणि रक्त असेल तर बायोप्सीच.

एचएचव्ही-६ चा (हर्पीस कुळातला आणखी एक विषाणू) एक सापळा सांगतो, कारण तो माहीत नसेल तर रुग्णाला विनाकारण किडनी बिघडवणारी औषधं मिळतात. सुमारे १ टक्का लोकांत हा विषाणू गुणसूत्रातच बसलेला असतो, प्रत्येक पेशीत एक प्रत. दाता असा असेल तर मॅरो रुजून पांढऱ्या पेशी वाढू लागल्या की होल ब्लडमधला लोडही त्यांच्याबरोबर वर जातो, मिलीमागे ५.५ लॉगच्या (सुमारे ३ लाख प्रती) पुढे, आणि औषधाने हलत नाही. लोडला पांढऱ्या पेशींच्या संख्येने भागून बघा. पेशीमागे एक प्रत येत असेल तर दात्याचं जुनं सॅम्पल तपासा. मुलांमध्ये अ‍ॅडिनोव्हायरसही दर आठवड्याला बघावा. तो पुष्कळदा रक्ताआधी शौचात वाढतो.

आता कर्मचारी. सरसकट सगळ्यांची रोज टेस्ट करावी असं अनेकांना वाटतं. गणित करून बघा. १,००० कर्मचारी, लागण ०.५ टक्के, रॅपिड टेस्टची संवेदनशीलता ८० टक्के, विशिष्टता (निरोगी माणसाला निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९९ टक्के. खरे बाधित ५, त्यातले ४ सापडतील. उरलेल्या ९९५ पैकी सुमारे १० जण उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे १४ जणांना घरी पाठवलं, त्यातले १० निरोगी, आणि रात्रपाळी रिकामी. तीच टेस्ट लक्षणं किंवा संपर्क असलेल्या गटात लावा, जिथे १,००० पैकी २० टक्के बाधित आहेत: १६० खरे, ८ खोटे. पॉझिटिव्हवर भरवसा बसतो. पण तिथेच ४० बाधित निगेटिव्ह म्हणून सुटतात, त्यामुळे लक्षणं असलेल्याची रॅपिड निगेटिव्ह या वॉर्डात शेवटचा शब्द नाही, पीसीआर हवा. पाच स्वॅब एकत्र करून पूल लावला तर सीटी साधारण २.३ ने वर जातो. कर्मचाऱ्यांच्या स्क्रीनिंगला ते परवडतं. रुग्णांचे नमुने पूलमध्ये घालू नका, शेपटाकडचे पॉझिटिव्ह बुडतात.

टेस्टपेक्षा मोठं भोक म्हणजे सर्दी असताना कामावर येणं. लक्षण सांगितलं की पगार कापला जात असेल तर कोणीही सांगणार नाही, मग टेस्ट कितीही भारी आणा. यादीत सफाई, जेवण पोचवणारे, ट्रॉली ढकलणारे, एक्स-रे टेक्निशियन हे सगळे हवेत. डॉक्टर-नर्सपुरती यादी करणं ही नेहमीची चूक.

नोकरीवर रुजू होतानाच गोवर, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी ची प्रतिकारशक्ती नोंदवा. साथ आल्यावर कागद शोधत बसायला वेळ नसतो. प्रतिकारशक्ती नसलेला कर्मचारी गोवराच्या संपर्कात आला तर पाचव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत कामापासून दूर. कांजिण्यांसाठी आठव्यापासून एकविसाव्यापर्यंत, आणि विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर अठ्ठाविसाव्यापर्यंत. हिपॅटायटिस बी ची अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटिबॉडी) लशीच्या शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी मोजायची, १० मिली युनिट प्रति मिलिलिटर किंवा जास्त हवी. पाच वर्षांनी मोजून '६ आली' म्हणून घाबरवू नका. सुरुवातीला एकदा पुरेशी आली असेल तर निरोगी माणसात ती पुढे उतरली तरी संरक्षण टिकतं.

सुई टोचल्यावर लागणीची शक्यता: एचआयव्ही सुमारे ०.३ टक्के, हिपॅटायटिस सी सुमारे ०.२ टक्के, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी ६ ते ३० टक्के. जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका. एचआयव्हीची औषधं गरज असेल तर काही तासांत सुरू करायची, ७२ तासांनंतर फारसा अर्थ उरत नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. इथे वरचा धागा पुन्हा येतो. ज्या रुग्णाची सुई टोचली तो प्रतिकारशक्ती दबलेला असेल, तर त्याची हिपॅटायटिस सी अँटिबॉडी निगेटिव्ह आली म्हणून कर्मचाऱ्याला दिलासा देऊ नका. त्या रुग्णाचा आरएनए करा. हिपॅटायटिस सी साठी कर्मचाऱ्याचं बेसलाइन सॅम्पल ४८ तासांत, आरएनए ३ ते ६ आठवड्यांनी, अँटिबॉडी ४ ते ६ महिन्यांनी.

अभ्यासाची आखणी. स्वॅबमधलं अंतर विषाणू किती दिवस सापडतो त्यावर ठरतं. तो ७ दिवस सापडत असेल आणि स्वॅब २८ दिवसांनी घेतला तर चारातली तीन इन्फेक्शन्स निसटतात. १४ दिवसांनी घेतला तर निम्मी. म्हणून स्वॅबला सिरमची जोड द्यायची. ब्रिटनमध्ये २०२० साली सुरू झालेल्या 'सायरन' अभ्यासाने आरोग्य कर्मचाऱ्यांत हेच केलं, पीसीआर दर दोन आठवड्यांनी आणि अँटिबॉडी ठरावीक अंतराने, आणि आधी लागण झालेल्यांत पुन्हा लागणीचा धोका ८४ टक्क्यांनी कमी दिसला. अँटिबॉडी वाचताना लस कोणती ते बघा. फक्त स्पाइकवर (विषाणूच्या बाहेरचं काट्यासारखं प्रथिन) आधारलेल्या लशीनंतर न्यूक्लिओकॅप्सिडची (आतलं प्रथिन) अँटिबॉडी म्हणजे लागणच. पण पूर्ण निष्क्रिय विषाणूची लस घेतलेल्यांत ती लशीचीही असू शकते. सिरमची जोडी, पहिलं आजारात आणि दुसरं दोन ते चार आठवड्यांनी, एकाच प्लेटवर शेजारी लावायची. वेगवेगळ्या दिवशी लावली तर अँटिबॉडीतली चौपट वाढ, जी ताज्या लागणीची खूण मानतात, टेस्टच्या फरकामुळेही दिसते.

कोविडची लागण रुग्णालयात झाली की बाहेरून आली, यासाठी दिवसांची विभागणी वापरतात: दाखल झाल्यापासून २ दिवसांत पॉझिटिव्ह तर बाहेरची, ३ ते ७ अनिश्चित, ८ ते १४ बहुधा इथली, १५ पासून पुढे नक्की इथली. आपल्या रुग्णांत हे कोलमडतं. महिनाभर विषाणू टाकणारा रुग्ण सोळाव्या दिवशी पहिल्यांदा तपासला गेला तर तो उगाच 'इथला' ठरतो. उपाय एकच: दाखल होताना प्रत्येकाचा स्वॅब घ्या आणि लगेच तपासायचा नसला तरी उणे ८० अंशांवर ठेवा.

सिक्वेन्सिंग सीटी ३० च्या आतल्या नमुन्यांवर करा, त्यापुढे जीनोममध्ये भोकं पडतात. कोविडचा जीनोम सुमारे ३०,००० अक्षरांचा आणि महिन्याला साधारण दोन बदल. त्यामुळे दोन जीनोम हुबेहूब आले तरी नर्सकडून रुग्णाला लागण झाली हे सिद्ध होत नाही. बाहेर तोच प्रकार फिरत असेल तर दोघांना वेगवेगळीकडून मिळू शकतो. दिशा तर कळतच नाही. मोठा फरक असेल तर मात्र थेट संबंध नाकारता येतो. अपवाद पुन्हा दीर्घकाळ बाधित रुग्णाचा, कारण त्याच्या शरीरातच बदल साचतात. त्याचा पहिला नमुना आणि अलीकडचा नमुना दोन्ही सिक्वेन्स करा, आणि संसर्गाच्या साखळीत त्या त्या तारखेच्या जवळचा वापरा.

'शंभर कर्मचारी तपासले, एकही पॉझिटिव्ह नाही' याचा अर्थ लागण शून्य असा नाही. ३ भागिले १०० हा सोपा नियम: खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं.

संमती कर्मचाऱ्याच्या वरिष्ठाने घेऊ नये, नाही म्हणायची सोय उरत नाही. रिपोर्ट कर्मचारी आरोग्य बघणाऱ्या डॉक्टरकडे जावा, वॉर्डच्या इनचार्जकडे फक्त 'ड्यूटीला योग्य' किंवा 'अयोग्य' इतकंच. सॅम्पलवर कोड, नावाची यादी वेगळ्या कुलपात. ड्यूटीचं रोस्टर त्याच दिवशी कोडसह उतरवून ठेवा, कारण पाळ्यांची अदलाबदल तोंडी होते आणि दोन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही. प्रत्येक सिरमचे सुरुवातीलाच तीन छोटे भाग करून गोठवा, म्हणजे एक टेस्ट करायला सगळं वितळवावं लागत नाही.